मुठीतला बर्फ

"वहिनी, हाताला चव आहे हं तुमच्या. मासा फक्कड झालाय," मालक म्हणाले आणि त्यांनी ताट पुसून साफ केलं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यात मुद्दाम बर्फ टाकला होता.

मासळीच्या वखारीत दुपारचं जेवण मी रांधते. मालक आणि हमाल एकाच लांब टेबलावर जेवतात, आणि याचा मालकांना भारी अभिमान. आमचे हे याच वखारीत बर्फ फोडायचे. लादी खांद्यावर घेऊन जिना चढायचे, आणि मी चुलीपाशी घामाघूम असले की मागून येऊन मानेवर गार हात ठेवायचे. मी लटकं रागवायचे.

मग एकदा मालकांनी यांना मोठ्या माशाचा तुकडा दिला. घरी न्या, मजा करा, म्हणाले. तुकडा लहान, म्हणून मी सगळा यांच्याच ताटात वाढला. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी ओठांना मुंग्या आल्या. तरी कामावर गेले, लादीला हात लावला आणि तापलेल्या तव्याला लागावा तसा मागे घेतला. तेव्हापासून गार काही लागलं की यांना भाजतं. डॉक्टर म्हणाले, समुद्रातल्या काही खडकांवर डोळ्यांना न दिसणारं विषारी शेवाळ वाढतं. ते लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात, आणि विष मोठ्यांच्या अंगात साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही. शिजवा, तळा, बर्फात ठेवा, जात नाही. बऱ्याच जणांचं हळूहळू उतरतं म्हणे. यांचं उतरलं नाही. बर्फ फोडणारा माणूस घरी बसला, आणि मी नशिबाला बोल लावत राहिले.

त्या जेवणाच्या आदल्या दिवशी मी फडताळाआड भांडी लावत होते. मालक फोनवर हॉटेलवाल्याशी बोलत होते.

"त्या खडकावरचाच आहे, चांगला जाडजूड. उद्या पाठवतो. आज एका हमालाला तुकडा दिलाय, सकाळी धडधाकट आला की झालं. मागच्यासारखं नको व्हायला."

मागचं म्हणजे माझा नवरा. बोलता बोलता ते मांडीवरचं मांजर कुरवाळत होते. असा मासा आधी मांजराला घालून बघतात; पण मांजरावर त्यांचा फार जीव, म्हणून तुकडे माणसांना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी मरावं असं मला वाटलं नाही. मेलेल्या माणसाला काय कळतं? त्यांना कळायला हवं होतं.

तुकडा नव्या हमालाला मिळाला होता. तो नुकताच बाप झालेला, खुशीत होता. मी म्हटलं, भाऊ, तो माझ्याकडे द्या, त्याच्या बदल्यात घरी दुसरा मासा न्या. त्याला काय, त्याने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धडधाकट कामावर आला. मालकांनी त्याची पाठ थोपटली आणि हॉटेलची गाडी सोडली.

आणि त्या दुपारी मालकांनी बर्फाचं पाणी पिऊन पेला खाली ठेवला होता. आम्हा बाकीच्यांच्या ताटात भाजी होती. मासा फक्त त्यांच्याच ताटात होता.

"मालक, तुम्ही या भाऊंना दिलेला तुकडा होता तो," मी म्हटलं. "त्यांनी खाल्लाच नाही. म्हटलं, पहिला मान मालकांचा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांत जुना हमाल घास हातात धरून थांबला होता.

"मालक, मासा चांगला होता ना?" त्याने विचारलं.

मालक मोरीकडे धावले, घशात बोटं घातली आणि तिथूनच ओरडले, गाडी परत बोलवा. मग कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनीही त्यांना सांगितलं की हे तपासून कळत नाही, वाट बघा.

खरा तुकडा मी वखारीमागे पुरला होता, मांजराला सापडू नये इतका खोल. मालकांना वाढला तो उथळ पाण्यातला साधा मासा. सगळा जन्म मासळीत गेला, पण मसाल्यात घातल्यावर त्यांना तो ओळखता आला नाही.

घरी यांना सांगितलं तेव्हा हे खूप दिवसांनी हसले.

"पण सांगून टाक गं त्यांना," मग म्हणाले. "माणसाला झोप लागत नसेल."

सांगेन म्हटलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. मालकांच्या हातून कुणी काही घेत नाही, टेबलावर त्यांच्याजवळ कुणी बसत नाही. त्यांचं ताट मी खोलीत नेऊन देते. आज दार ढकललं तर ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मुठीत बर्फाचा खडा आवळून धरला होता, आणि कोपरावरून पाणी ठिबकत होतं. भाजतंय का, याची ते वाट बघत होते.

मी ताट ठेवलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. घरी येऊन यांच्यासाठी पाणी कोमट करायला ठेवलं.