निकालानंतरचं गाणं

आमच्या घरातला रेडिओ माझ्या पगारातून आला आणि तेव्हा रेडिओ बाळगायला लागायचं ते सरकारी लायसन निघालं मामंजींच्या नावावर. सगळं बिनसलं ते इथूनच.

मी तिसगावच्या दवाखान्यात नर्स. लग्नाआधी नगरला शिकत होते, तेव्हा आमच्या होस्टेलवर सिस्टर हेल्गा म्हणून एक परदेशी बाई होत्या. त्यांच्याकडे छोटा रेडिओ होता. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा व्हायची. प्रत्येक देशाचं एक गाणं. ती व्हायची तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असायची, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक परदेशी स्टेशन सगळा कार्यक्रम पुन्हा लावायचं. सिस्टर मला आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या रतनला खोलीत बोलवायच्या, बिस्किटं द्यायच्या, आणि आम्ही तिघी गप्प बसून ऐकायचो. शब्द एक कळायचा नाही. पण कुठली तरी बाई तिकडे गळा मोकळा सोडून गायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. गाणी झाली की एकेक देश दुसऱ्या देशांना गुण द्यायचा, एक देश जिंकायचा, आणि सगळ्यात शेवटी ते जिंकलेलं गाणं पुन्हा एकदा म्हणायचे. अख्खं. सिस्टर तेव्हा डोळे मिटून घ्यायच्या. "चांगुणा, आता ऐक. आता तिला भीती नाही, आता ती स्वतःसाठी गाते," म्हणायच्या. मला ते शेवटचं गाणं सगळ्यात आवडायचं.

तिसगावला आल्यावर हे सगळं संपलं. पगार साठवून रेडिओ आणला तो याच आशेने. चांगला मोठा, विजेवर चालणारा, समोर हिरवा डोळा असलेला. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आधी आत दिवे तापायचे, मग डोळा हिरवा व्हायचा, मग कुठे आवाज. तोवर माणसाने वाट बघायची. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच्यासाठी पोपट भरलेलं कापड शिवलं. मामंजींनी, म्हणजे सहादेव आबांनी, ओसरीवर उंच फळी ठोकली आणि रेडिओ तिच्यावर ठेवून दिला. माझा हात टाचा उंचावल्याशिवाय पोचत नव्हता. रेडिओवर काय लागायचं? सकाळी बातम्या, संध्याकाळी बाजारभाव, मग शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम. कांद्याचा भाव ऐकायला गावातली निम्मी मंडळी यायची, आणि कांदा आमच्या रानात नव्हताच. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर. ते घरी असले तर मध्ये पडायचे नाहीत आणि नसले तर प्रश्नच नव्हता.

बहात्तर सालच्या मार्चमध्ये मला एकदा दुपारी संधी मिळाली. आबा रानात, आत्याबाई शेजारी. मी स्टूल घेतलं, काटा हळूहळू फिरवला आणि ते स्टेशन सापडलं. स्पर्धेची नवी गाणी ते रोज दुपारी दोन-दोन लावत होते. त्यात एका अगदी चिमुकल्या देशाचं गाणं लागलं. एक बाई गात होती. सुरुवात अशी हळू, की जणू कोणी उंबऱ्यात उभं राहून आत यावं की नाही विचारतंय. मग आवाज वर चढायला लागला, चढत गेला, आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाईंची चाहूल लागली. मी बटण बंद केलं.

पुढच्या आठवड्यात ते गाणं आणखी एकदा सापडलं. तेव्हा बाहेरून हाक आली, बाई अडली आहे, चला. बाळंतपण नीट पार पडलं, मुलगी झाली, सगळं चांगलं झालं. पण गाणं राहिलं ते राहिलंच. तिसऱ्यांदा मी घाईत काटा परत जागेवर न्यायला विसरले. संध्याकाळी आबांनी बटण फिरवलं, डोळा हिरवा झाला, आणि बाजारभावाच्या जागी परदेशी बाई हसायला लागली.

"काटा कुनी हलविला?" आबांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"मी," म्हटलं.

"तुला काय कराचंय त्या काट्याचं? लायसन कुनाच्या नावावर हाय? उद्या साहेब इचारायला आला तर कोन जबाब देनार?"

काटा हलवल्याबद्दल विचारायला कुठलाही साहेब येत नाही हे मला माहीत होतं. पण ओसरीवर चार माणसं बसलेली. मी आत गेले. त्या दिवसापासून रेडिओला आबांशिवाय कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

स्पर्धा रविवारवर आली होती. ते गाणं मला एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत ऐकायचं होतं. चढत गेलेला तो आवाज पुढे कुठे जातो, एवढंच बघायचं होतं. बाकी त्या घरात मी काही मागितलं नव्हतं.

मग मला एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीनेच माझं वाटोळं केलं. त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली होती. निकालाच्या दिवशी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं श्वास रोखून आकडे ऐकत होती. तेव्हा मी शनिवारी आबांना जेवायला वाढता वाढता म्हटलं, "आबा, उद्या संध्याकाळी रेडिओवर परदेशातली मतमोजणी आहे. बरेच देश उभे राहिलेत. सगळे एकमेकांना मतं देणार, आणि एक निवडून येणार."

आबांचा घास हातात राहिला. "परत्येक देश दुसऱ्याला मत देनार? सोताला न्हाई?"

"स्वतःला द्यायचं नाही, असा नियमच आहे."

"आरं तिच्या!" आबा म्हणाले. "हे आपल्याकडं पायजे हुतं."

रविवारी पाच वाजल्यापासून ओसरी भरली. शेजारचे खाजाभाई, त्यांचं बैलांच्या दलालीचं काम, ते खिशात मूठभर चिंचोके घेऊन आले, मतं मोजायला. आबांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं आणि स्टूलही स्वतः ठेवलं. मी काटा लावला. आवाज आला, खरखर झाली, दूर गेला, परत आला. टाळ्या, वाद्यं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता मला कोन देश ते सांगू नको," आबा म्हणाले, "ती नावं आमच्या ध्यानात राहायची न्हाईत. आपले तालुके सांग."

मग मी इंग्लंडला नगर केलं. कोणाला शेवगाव, कोणाला श्रीगोंदा. आणि माझ्या त्या चिमुकल्या देशाला पाथर्डी, म्हणजे आमच्या तिसगावचाच तालुका, म्हटलं, कारण तो लहान आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेला.

"म्हंजी आपला," खाजाभाई म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

गाणी सुरू झाली आणि माणसांचं बोलणंही. मतमोजणीच्या आधी लावतात ती करमणूक, अशी त्यांची समजूत. कोणी विहिरीच्या पाण्याचं काढलं, कोणी बैलाच्या खुराचं. काष्टीच्या बैलबाजारात कोणी कोणाला कसं फसवलं ते सुरू झालं. मी उंबऱ्यावर उभी राहून कान देत होते, तेवढ्यात आबांनी मान वळवली.

"चांगुणा, मंडळी आल्यात. च्याचं बघ."

"आबा, थोड्या वेळाने..."

"आगं, मोजनी चालू झाल्यावर कोन पिनार हाय? आत्ताच ठेव."

आत्याबाईंचे हात पिठात होते. मी आत गेले आणि स्टोव्ह पेटवला. आमचा तो स्टोव्ह, पंप मारला की एखाद्या जिपेसारखा घरभर घोंगावायचा. वीस माणसांचा चहा. पातेलं ठेवलं, गूळ टाकला, आणि त्या घोंगावण्याच्या पलीकडून कुठून तरी ती हळू सुरुवात ऐकू आली. तीच बाई. तीच, उंबऱ्यात उभी राहून विचारणारी.

मी स्टोव्हची चावी सोडली. ज्योत भुस्सकन गेली. धावत बाहेर आले तर आवाज चढायला लागला होता. आणि त्याच वेळी खाजाभाई आणि दुसरा एक जण बैलाच्या दातांवरून हमरीतुमरीवर आले. "च्या झाला काय?" कोणी तरी म्हणालं. बाई वर कुठे तरी पोचली असावी, कारण टाळ्यांचा कडकडाट झाला. तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. मी आत जाऊन पुन्हा स्टोव्ह पेटवला. चहात आलं जरा जास्तच ठेचलं गेलं.

पण अजून शेवट बाकी होता. पाथर्डी जिंकली तर ते गाणं पुन्हा होणार होतं, अख्खं. आता सगळी भिस्त त्या गुणांवर.

मोजणी सुरू झाली तशी ओसरी अशी शांत झाली, की शेजारच्या गोठ्यातल्या गाईचं रवंथ ऐकू यावं. इतका वेळ कुठे गेली होती ही शांतता? मला पुढे बसवलं. इंग्रजीत आकडा आला की मी मराठीत सांगायची, आणि खाजाभाई त्या त्या तालुक्यापुढे चिंचोके टाकायचे.

"शेवगावला पाच. नगरला आठ. पाथर्डीला नऊ."

"टाका, टाका!" आबा गुडघ्यावर उठून बसले.

नगर पुढे गेलं, पाथर्डीने गाठलं. श्रीगोंद्याने मध्येच उचल खाल्ली तेव्हा एक जण म्हणाला, "साखर कारखान्याचा पैका हाय त्येंच्याकडं." कोणी हसलं नाही, सगळ्यांना ते पटलं. शेवटच्या देशाचे गुण आले, खाजाभाईंनी चिंचोके टाकले, आणि मोजायची गरजच उरली नाही. पाथर्डीचा ढीग सगळ्यांत मोठा.

"आली!" आबा ओरडले. "आपली पाथर्डी आली!"

माणसं उभी राहिली. कोणी टोपी उडवली. खाजाभाईंनी आबांना मिठी मारली. आणि आबांनी, निकालाच्या दिवशी करतात तसंच, फळीकडे हात नेऊन खट्कन बटण बंद केलं.

"आबा, बंद नका करू!" मी किंचाळलेच. "आता ती परत गाणार आहे!"

"निकाल लागला की," आबा आनंदाने म्हणाले. "निवडून आल्यावर कोन गातंय? फुकट ईज कशाला जाळायची?"

"शेवटी पुन्हा म्हणतात! त्याच्यासाठीच तर मी..."

पुढे बोलत बसले नाही. चिंचोक्यांचे ढीग तुडवत, मिठ्या मारणाऱ्या माणसांमधून फळीशी पोचायलाच दोन-तीन मिनिटं गेली; मग टाचा उंचावल्या आणि सगळ्यांदेखत बटण फिरवलं. सुनेने असा हात टाकलेला त्या ओसरीने पाहिला नव्हता. आबांचं तोंड उघडं राहिलं. सगळे चूप.

रेडिओही चूप. आतले दिवे तापत होते. मी त्या डोळ्याकडे बघत उभी राहिले. तो काळा होता. मग राखाडी झाला. मग कडेने जरासा हिरवा. तिकडे ती आता गात होती, भीती नसलेली, स्वतःसाठी. आता चढली असेल. आता पोचली असेल. लवकर, मेल्या, लवकर.

डोळा हिरवा झाला. खरखर आली, आणि खरखरीतून टाळ्या. नुसत्या टाळ्या. मग एक गृहस्थ इंग्रजीत सगळ्यांना शुभरात्री म्हणाले.

"बघ," आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "टाळ्याच चालल्यात. मी म्हनलं न्हवतं, संपलंय म्हनून?"

खाजाभाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "ताई, तुमच्यामुळं लई मजा आली."

"फुडच्या साली करंजी गावची मानसं बी बोलवू," आबा म्हणाले. "मोजनी ऐकून खूश व्हतील. च्या तेवढा दोनदा ठेवावा लागंल."

"आबा," मी म्हटलं, "पुढच्या साली चहा तुम्ही ठेवायचा. मला गाणं ऐकायचंय."

आबांनी बटणाकडे हात नेला, पण तिथे माझा हात होता. टाळ्या पार विरेपर्यंत मी तो काढला नाही.