आवक-जावक

अण्णांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना परदेशात आपल्याजवळ आणलं, तेव्हा त्यांना वाटलं, चला, आता तरी पोरगा दोन शब्द बोलेल. पण पोरगा आणि सूनबाई सकाळी बाहेर पडत ते दिवेलागणीनंतर उगवत, आणि आल्यावर बोलत ते फोनशी. तीन महिने असे गेले. अण्णांना बोलायला भिंती तेवढ्या उरल्या.

मग त्यांनी खिडकीत खुर्ची टाकली आणि एक वही आखली. खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी चांगली वर्दळ होती. तीन भटक्या मांजरी, कान फाटलेला एक बोका, कावळ्यांची जोडी आणि चक्क एक कोल्हा. कोल्ह्याला डब्याचं झाकण उघडता येई, जे सूनबाईंच्या मते अण्णांना अजून जमलेलं नव्हतं. अण्णांनी सगळ्यांना नावं दिली आणि शेऱ्याच्या रकान्यात ठेवलीही. 'टंकलेखिकाबाई (पांढरी): आवक ११.१५, जावक ११.२०. शेरा: जागेवर थांबत नाहीत.' 'साहेब (कोल्हा): आवक अनियमित. शेरा: खातात, सही करत नाहीत.'

समोरच्या इमारतीतल्या बाईंना मात्र दिवसभर घड्याळ बघून लिहिणारा हा म्हातारा काही ठीक वाटेना. रविवारी सकाळी दारात पोलीसबाई उभ्या. मुलाचा चेहरा पडला. त्याच्या कायम वास्तव्याच्या अर्जाचा निकाल याच महिन्यात लागायचा होता.

"अण्णा, काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

"वाच की. या निमित्ताने तरी वाच."

मुलगा एकेक ओळ वाचून तिकडच्या भाषेत सांगू लागला. पोलीसबाई आधी ताठ उभ्या होत्या. साहेबांच्या शेऱ्याला हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. मुलगाही हसला. इतक्या जवळून त्याला हसताना बघून अण्णांना फार बरं वाटलं. तेवढ्यात त्याने पान उलटलं आणि अण्णांनी वहीकडे हात पुढे केला.

"पुढचं राहू दे," ते म्हणाले. पण पोलीसबाईंनी पुढे वाचायची खूण केली.

"'मुकोबा. जावक सकाळी ७.१०, आवक रात्री ८.४०. शेरा: हाक मारली तर वर बघत नाही. येतो, खातो, कोपऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसतो. इजा करत नाही.'"

मुलाने हसत हसत सांगितलं. हा बिचारा राहतो कुठे, असं पोलीसबाईंनी विचारलं. त्याने बोट पुढच्या ओळीवर नेलं. 'मुक्काम: स्वयंपाकघराशेजारची खोली. जोडीदारीणही तिथेच.'

मुलाचं बोट त्याच ओळीवर राहिलं. पोलीसबाईंनी आणखी काहीतरी विचारलं, तेही त्याला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. मग त्याने वही मिटली आणि मान वर करून बापाकडे बघितलं. अण्णांना गलबलून आलं.

"अण्णा, त्या विचारतायत, तो माणसाळलाय का?"

"कार्यवाही चालू आहे," अण्णा म्हणाले.