डोक्यावरून पेटणारी चूल

मखमलाबादच्या मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्ञानेशचं मिसळीचं हॉटेल आहे. द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली लांबलचक बाकं. रविवारी सकाळी नऊनंतर तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. रस्त्यावरूनच दिसेल असा भला मोठा फलक आहे: 'अस्सल चुलीवरची मिसळ'. ती चूल मात्र मागच्या बाजूला होती, आणि तिच्यासमोर ज्ञानेशची आई, गोजराबाई.

संपदा त्या रविवारी हात धुवायचं निमित्त करून मागे गेली. खरं तर तिला चूल बघायची होती. सातपूरच्या एका कारखान्यात ती टूलरूममध्ये डिझाइनचं काम करायची आणि गेली दोन वर्षं घराच्या गच्चीवर, तेलाचे आणि रंगाचे रिकामे डबे कापून, चुली बनवत होती. मागे जाऊन बघते तर धुराचा पडदा, आणि त्या पडद्यापलीकडून खोकल्याचा आवाज. गोजराबाई पदरानं डोळे पुसत फुंकणीनं जाळ फुलवत होत्या.

"मावशी, रोज एवढा धूर?"

"रोज कुठं? पावसाळ्यात याच्या दुप्पट." गोजराबाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "बाई, बाजूला व्हा. साडीला वास लागंल तुमच्या."

संपदा बाजूला झाली नाही. तिथंच उकिडवी बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे एक चूल आहे. शनिवारी घेऊन येऊ?"

घरी परतताना आल्हाद, तिचा नवरा, गाडी चालवता चालवता हसत होता. "अखेर गिऱ्हाईक मिळालं म्हणायचं!" आजवर झालेल्या चारही चुलींवर फक्त पाणी उकळलं होतं. सोसायटीतल्या सगळ्यांनी गच्चीवर येऊन वाहवा केली होती, फोटो काढले होते आणि खाली जाऊन गॅसवर स्वयंपाक केला होता.

शनिवारी संपदा पाचवी चूल घेऊन पोचली. एकात एक बसवलेले दोन डबे. आतल्या डब्याच्या बुडाला भोकं, वरच्या काठाशी भोकांची आणखी एक रांग. एप्रिलची छाटणी नुकतीच झाली होती, बांधावर द्राक्षाच्या काड्यांचा ढीग पडला होता. तिनं वाळलेल्या काड्यांचे बोटभर तुकडे करून डबा भरला आणि सगळ्यात वर एक कापराची वडी ठेवून काडी लावली.

"अगं बाई, चूल डोक्यावरनं पेटवायची?" गोजराबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"हो. आच वरून खाली उतरत जाते. खालच्या काड्या तापल्या की त्यांतून वायू निघतो. तुमच्या चुलीत तोच धूर होऊन जातो. इथं तो वरच्या भोकांपाशी पेट घेतो."

दोन-तीन मिनिटं डबा धुमसला. मग धूर एकदम थांबला आणि वरच्या भोकांतून गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा आत वळून जळू लागल्या. ज्ञानेश गल्ला सोडून बघायला आला. मटकीचं पातेलं चढलं, दहा मिनिटांत खळखळ उकळलं. गोजराबाई डोळे विस्फारून बघत होत्या. कित्येक वर्षांत त्यांनी चुलीसमोर डोळे इतके उघडे ठेवले नसतील.

पंचविसाव्या मिनिटाला ज्वाळा लहान झाल्या. गोजराबाईंनी सवयीनं पातेलं उचललं आणि मूठभर काड्या वरून आत टाकल्या. भसकन पांढरा धूर उसळला. तिघंही खोकत बागेत पळाले.

"तुमची ही चूल म्हणजे," दम खात गोजराबाई म्हणाल्या, "लग्नाला आलेला घाईचा पाहुणा. पंगत बसली की जेवला आणि निघाला! माझा रस्सा अर्धाच शिजला की."

संपदानं खिशातून वही काढली. "अजून सांगा."

असं कुणी विचारेल याची गोजराबाईंना सवय नव्हती. पण त्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. चूल उंच आहे, पळी फिरवली की पातेलं डुगडुगतं. पत्रा तापतो, पायाला चटका बसतो. जाळ कमी करता येत नाही, तर्री करपते. मूठभर काड्यांनी काय व्हायचंय, डबा मोठा हवा. संपदा लिहीत गेली. टूलरूममध्येही तिला इतके नेमके दोष कुणी काढून दिले नव्हते.

पुढचे चार शनिवार ती तिथंच होती. डबा मोठा केला तर चूल आणखी उंच झाली. पातेलं चढवायला पाट ठेवून उभं राहावं लागलं. संपदा कपाळाला हात लावून बसली. गोजराबाई मात्र चुलीभोवती एक फेरी मारून आल्या.

"जमिनीत पुरू की हिला. अर्धी."

"मावशी, खालून हवा कशी जाणार? हवा नाही मिळाली तर विझेल ती."

"लोहाराच्या भट्टीला कशी जाते? नळी घाल."

संपदा त्यांच्याकडे बघतच राहिली. बागेतल्या पाण्याच्या जुन्या मोटारीचा लोखंडी पाइप कोपऱ्यात गंजत पडला होता. ज्ञानेशनं खड्डा खणला, आत विटा रचल्या, डबा बसवला, बुडाशी पाइप जोडून त्याचं तोंड हातभर लांब जमिनीवर काढलं. वरच्या भोकांना विटा आणि डबा यांच्यामधल्या फटीतून हवा मिळाली. चूल गुडघ्याइतक्या उंचीची झाली, मातीनं घट्ट धरली. पाइपच्या तोंडावर गोजराबाईंनी सहज खापरीचा तुकडा सरकवला, तर ज्वाळा खाली बसल्या. खापरी काढली, ज्वाळा वर आल्या.

"जाळ कमी-जास्त होतोय!" संपदा ओरडली.

"मग? मला तर्रीसाठी तेच पायजे होतं," गोजराबाई म्हणाल्या, जणू सगळं ठरवूनच केलं होतं. त्या दिवसापासून त्या संपदाला अगंतुगं करू लागल्या.

शेजारी तसलीच दुसरी चूल झाली. एक संपत आली की दुसरी पेटवायची. ज्ञानेशनं काड्या कापायला कडबाकुट्टी लावली. जळून झाल्यावर आतला डबा उचलून गोजराबाई त्यातला कोळसा पत्र्याच्या पिंपात ओतत आणि तो विझावा म्हणून झाकण घट्ट बसवत. पिंप भरत चाललं होतं, त्याचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. जुनी चूल गार पडली आणि गोजराबाईंचा खोकला दोन आठवड्यांत जवळजवळ थांबला.

आणि मग रविवारी एका गिऱ्हाइकानं ताट पुढे सारलं. "ज्ञानेशभाऊ, गॅसवर करायला लागलात का हो? चव गेली राव."

"गॅस नाय दादा, चूलच हाय. मागं येऊन बघा."

"मग धूर कुठंय?"

असे आणखी तिघं-चौघं भेटले. बारा वर्षं येणाऱ्या एका मास्तरांनी तर दुसऱ्यांदा रस्साच मागितला नाही. त्याचंच ज्ञानेशला जास्त लागलं. दुपारी तो हिरमुसून मागे आला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण लोक धुराच्या वासासाठीच एवढ्या लांब येतात. जुनी चूल लावावी लागंल."

धूर जाळून टाकायचा हेच तर संपदानं साधलं होतं. रश्श्यात तो पुन्हा आणायचा कुठून?

"मी नाय बसणार त्या चुलीम्होरं," गोजराबाई म्हणाल्या. "तूच बैस."

"आई, धंद्याचं बघ ना."

"बघतीच हाय." त्या उठल्या. नुकत्याच विझत आलेल्या चुलीतून चिमट्यानं लालबुंद निखारा उचलला, वाटीत ठेवला आणि वाटी रश्श्याच्या पातेल्यात तरंगत सोडली. निखाऱ्यावर तेलाचे चार थेंब टाकले. चर्र झालं, निळसर धुराची वेटोळी निघाली, आणि त्यांनी ताबडतोब झाकण दाबलं. "माझी आई वांग्याच्या भरताला असा धुंगार द्यायची. आता गप बसा थोडा वेळ."

पाच मिनिटं गेली. मग झाकण निघालं. ज्ञानेशनं पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा तुकडा तोडला. संपदानं चव घेतली. चुलीचा तो खमंग वास रश्श्यात उतरला होता. उलट पूर्वीपेक्षा जरा स्वच्छच, कडवटपणा नसलेला.

"मावशी," ती म्हणाली, "हे मला दोन वर्षांत सुचलं नसतं."

"तुला कशाला सुचंल? तू पाणीच उकळत होतीस."

पुढच्या रविवारी ज्ञानेशनं रस्सा मुद्दाम बाकांसमोर आणून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धुंगार दिला. लोक मोबाइल घेऊन उभे राहिले. मास्तरांनी तीनदा रस्सा मागितला. काहीजण मागे जाऊन चूल बघून आले, आणि वरून पेटवलेल्या डब्यापुढे गोजराबाई त्यांना सांगत होत्या, "काड्या वल्ल्या नकोत. मधी काय टाकायचं नाय. टाकलं तर मला सांगू नका."

जूनच्या सुरुवातीला गोजराबाई पहिल्यांदाच संपदाच्या स्कूटरवर मागे बसल्या. एका हातानं पदर, दुसऱ्यानं संपदाचा खांदा घट्ट धरून त्यांनी गिरणारे गावापर्यंत सबंध वाट तिला हळू चालवायला लावली. तिथं त्यांची थोरली बहीण झुंबरबाई बागेतल्या तीसेक मजुरांच्या भाकऱ्या भाजते. भाकरीला जाळ पसरट लागतो, म्हणून तिची चूल वेगळी हवी होती.

गोजराबाईंनी अंगणात काटकीनं मोठा गोल काढला. "इथनं इथवर. तवा पुरा बसला पायजे."

संपदानं टेप लावला. "मावशी, एवढ्या रुंद डब्यात आच एकाच बाजूनं खाली उतरेल. दुसरी बाजू कच्चीच राहील."

"राहीना का. बघू तर काय होतंय." मग जरा विचार करून म्हणाल्या, "नायतर दोन नळ्या घालू. समोरासमोर."

संपदानं वही उघडली आणि गोलाला दोन रेघा जोडल्या. घरातून झुंबरबाई कुदळ घेऊन बाहेर आली.