काल भेटलेले काका

सूनबाईला घरात मुकादम म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलेलं आणि सासऱ्यांनी उचलून धरलेलं. कार्य कुणाचंही असो, खुर्च्या किती लागतील, कोण कुणाशेजारी बसलं तर ठिणगी पडेल, हे तिच्या डोक्यात आधीच मांडून झालेलं असे. त्यामुळे सासऱ्यांना क्रूझवर न्यायचं ठरलं तेव्हा बंदरांवरच्या सहलींचं खातं आपोआप तिच्याकडे आलं. कंपनीच्या सहली तिने एका नजरेत निकालात काढल्या. बसभर माणसं, पुढे झेंडा घेतलेली बाई, नको तिथे तासभर थांबायचं आणि हवं तिथे खिडकीतून बघायचं. शिवाय ती बस काही सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या दारात जाणार नव्हती. आणि एवढा सगळा खटाटोप त्या दारासाठीच होता.

हा धाकटा भाऊ तरुणपणी घरात कुणाला न सांगता मालवाहू जहाजावर नोकरीला गेला. मागे आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, गेली, तरी तो आला नाही. थोरल्याने त्याला कळवलं की आता मला तोंड दाखवू नकोस. धाकटा इतर कुठल्या बाबतीत आज्ञाधारक नव्हता, पण ही एक आज्ञा त्याने चाळीस वर्षं पाळली. नोकरी संपल्यावर तो वाटेतल्याच एका बंदरात घर करून राहिला.

आता सासऱ्यांची आठवण सैल होत चालली होती. आधी चष्मा विसरायचे, मग वार. एकदा स्वतःच्या मुलालाच त्यांनी दारात विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? डॉक्टरांनी सांगितलं, जे करायचं ते यंदाच करा. त्याच आठवड्यात जेवता जेवता सासरे म्हणाले, "धाकट्याला एक गोष्ट सांगायची आहे. विसरायच्या आत." कोणती, असं सूनबाईने विचारलं तर म्हणाले, ती त्याला सांगायची आहे, तुला नाही.

मग मुकादम कामाला लागली. तिने कुठून कुठून माग काढत काकांची मुलगी शोधली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, पण निरोप्याचं काम तिने आनंदाने पत्करलं. काकांकडे मोबाइल नव्हता आणि फोटो काढून घ्यायची त्यांना भारी चीड. पत्ता मात्र सोपा होता. घड्याळाचा मनोरा, त्याच्यामागे टेकडी, चढावर पिवळं फाटक. एका दलालाकरवी सूनबाईने दोन खाजगी गाड्या ठरवल्या. पहिल्या बंदरात काका. दुसऱ्या बंदरात तोंडी लावायला बाग, दीपगृह आणि काचेची भांडी करायचा कारखाना. ड्रायव्हर वाद न घालणारा हवा, एवढी एकच अट तिने दोन्हीकडे घातली होती.

पुढे जे झालं ते तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, पण आपण आताच सांगून टाकू. पहिल्या बंदराच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला आणि कप्तानाने बंदरांची अदलाबदल केली. उद्याचं परवा, परवाचं उद्या. तशी घोषणाही झाली. त्या वेळी सूनबाई केबिनमध्ये केस वाळवत होती आणि त्या यंत्राच्या घरघरीत तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. नवऱ्याने घोषणा ऐकली होती, पण बोटीवर दर थोड्या वेळाने काहीतरी जाहीर होतंच, कधी नाच, कधी सोडत, म्हणून त्याने ती मनावर घेतली नाही. सासऱ्यांनी नीट ऐकली आणि विसरले.

तरीही सगळं सावरलं असतं. पण दलाल कामाला चोख निघाला आणि तिथेच घात झाला. बोटींच्या वेळापत्रकावर त्याची नजर असे. त्याने दोन्ही गाड्यांचे दिवस फिरवले आणि सूनबाईला तसं कळवलं. बोटीवरचं इंटरनेट महाग म्हणून तिने फोन बंद करून पेटीत ठेवला होता.

सकाळी तिघं धक्क्यावर उतरली. गावाच्या नावाची भली मोठी पाटी होती, पण तिच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड उडालेली की पाटीचे फक्त खांब दिसत होते. फाटकाबाहेर त्यांच्या आडनावाचा फलक धरून एक गोलमटोल ड्रायव्हर हसत उभा होता. आडनाव बरोबर म्हटल्यावर आणखी काय बघायचं? ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, आधी बाग की आधी दीपगृह?

"बाग उद्या," सूनबाई म्हणाली. "आज मनोऱ्यामागची टेकडी."

उद्या तर ही बोट इथे नसणार, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक भांडणं सहन करत नाही, हेही त्याला बजावून सांगितलेलं होतं. तो हो म्हणाला. मनोरा आहे ना इथे? हो. मागे टेकडी? हो. पिवळं फाटक? असेल की. नवरा खिडकीतून बघत पुटपुटला की नकाशात समुद्र डाव्या हाताला होता, इथे उजव्या हाताला कसा? तू मागे तोंड करून बसला असशील, असं म्हणून तिने त्याला गप्प केलं. तो पुढच्या सीटवर बसला होता.

चढावर पिवळी फाटकं तीन निघाली. पहिल्यामागे कुत्रा होता आणि त्याला पाहुणे नको होते. दुसऱ्यामागे शिवणाचा वर्ग भरला होता; दहाबारा बायकांनी एकदम माना वर केल्या आणि सूनबाईने एकदम माफी मागितली. तिसऱ्या फाटकाशी एक म्हातारा गृहस्थ बिजागरीला तेल घालत होता. उंची सासऱ्यांएवढीच, तशीच पुढे आलेली हनुवटी. सूनबाई काही बोलायच्या आतच सासरे गाडीतून उतरले, हातातली काठी त्यांनी टाकून दिली आणि त्या माणसाचे दोन्ही खांदे धरले.

"किती वाळलास रे," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तेलाची बाटली हळूच खाली ठेवली. "आलास?" तो म्हणाला. "बरं झालं."

सूनबाईला रडू आवरेना. नवऱ्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. ड्रायव्हरही डोळे पुसायला लागला, का ते त्याचं त्यालाच माहीत. सासरे म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा, आम्हा दोघांना जरा बोलायचं आहे. दोघं म्हातारे एकमेकांना सांभाळत आत गेले.

बाहेरच्या पायरीवर तिघं बसली. शेजारच्या घरातून एक बाई कपडे वाळत घालायला आली आणि चौकशा करू लागली. सूनबाईने डोळे पुसत सांगितलं, भावाभावांची भेट आहे हो, चाळीस वर्षांनी. बाईच्या हातातला चिमटा हातातच राहिला. यांना भाऊ कुठला, तिने विचारलं, यांना तर तीन बहिणी. आणि हल्ली काही ध्यानात राहत नाही, येईल त्याला आलास का म्हणून आत घेतात. गेल्या महिन्यात वीजबिलवाल्याला तासभर बसवून घेतलं होतं.

नाही नाही, सूनबाई म्हणाली, हे बोटीवर होते पूर्वी. बोटीवर? बाई हसली. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मग सूनबाईने तिला गावाचं नाव विचारलं. बाईने सांगितलं. ते उद्याच्या बंदराचं नाव होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर म्हणाला, हो. मग एकेक करून सगळं बाहेर आलं, वारा, घोषणा, दलाल. मुकादमाच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर तिच्या हातून साधी खुर्ची कमी पडली नव्हती, आणि इथे तिने सासऱ्यांचा भाऊच चुकवला होता. आत जाऊन सांगायचं तरी काय?

तेवढ्यात सासरेच बाहेर आले. डोळे ओले होते आणि चेहरा असा मोकळा, की लग्न होऊन आल्यापासून तिने तो तसा पाहिला नव्हता. तिने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेले आणि म्हणाले, "झालं माझं काम. आता तुझी बाग बघू."

त्यांनी बाग पाहिली. काचेचा कारखानाही पाहिला. त्यातलं काहीच सूनबाईला दिसलं नाही.

संध्याकाळी केबिनबाहेरच्या बोळात नवराबायकोची कुजबुज झाली. नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. त्यांचं समाधान झालंय ना? मग कशाला खपली काढायची? उद्या बोटीवरच राहू, काकांना कळवू की तब्येत बरी नाही. तिलाही क्षणभर ते पटलं. मग तिने पेटीतून फोन काढला, इंटरनेटचे पैसे भरले, आणि चुलत नणंदेचे निरोप धडाधड आले. बोट उद्या येणार हे त्यांना कळलं होतं. काकांनी घर झाडून घेतलं होतं. शेवटच्या निरोपात लिहिलं होतं, बाबा विचारतायत, दादाला अजून कमी गोड चहा लागतो का?

सूनबाईने नणंदेला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. नणंद म्हणाली, बघते, बाबांना सांगते.

दुसऱ्या सकाळी सासरे उतरायलाच तयार नव्हते. कालच भेटून आलो, आता पाय कशाला तोडायचे? पाय मोकळे करू, चहा घेऊ, असं गोड बोलून तिने त्यांना धक्क्यावर आणलं. फाटकाशेजारी चहाची टपरी होती, पुढे दोन बाकं. एका बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ बसलेले होते. टेकडीवर वाट न बघता ते स्वतःच खाली आले होते. तीच हनुवटी, पण हे सासऱ्यांपेक्षा बुटके आणि टकले. त्यांना बघताच सूनबाईला कळलं, आणि त्यांनाही कळलं. ते उठून उभे राहिले.

"बाबा," ती म्हणाली, "हे काका."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग सूनबाईकडे, आणि हसले. "अगं, काका काल नाही का भेटले? आता मी विसरतो की तू?"

नवरा काहीतरी समजवायला पुढे झाला. त्या गृहस्थांनी हात वर करून त्याला थांबवलं. बसा ना, ते सासऱ्यांना म्हणाले, आणि बाकावर सरकून जागा केली. सूनबाई आणि नवरा दुसऱ्या बाकावर टेकले. तिला वाटत होतं, धक्का फाटावा आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"भाऊ भेटला म्हणे काल," गृहस्थ म्हणाले.

"भेटला. धाकटा." सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. अनोळखी माणसाशी बोलताना येतो तसा मोकळेपणा त्यांच्या आवाजात आला होता. "फार वर्षं बोलत नव्हतो आम्ही. मीच तोडलं होतं. सगळ्यांना वाटायचं, तो आईच्या शेवटाला आला नाही म्हणून."

"त्यासाठी नव्हतं?"

"छे. आईचं सगळं मीच करायचो. भरवायचो, अंग पुसायचो. आणि ती मला त्याच्या नावाने हाक मारायची. आलास का रे, म्हणायची. रोज. माझं नाव तिने शेवटपर्यंत एकदाही घेतलं नाही."

नवरा बाकावर ताठ बसला. त्या वेळी तो त्याच घरात होता, लहान होता, आणि हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही काय करायचा?" गृहस्थांनी विचारलं.

"काय करणार? ओ द्यायचो. आलो गं, म्हणायचो. तिला बरं वाटायचं. पण राग साठत गेला. तिच्यावर कसा काढणार? मग त्याच्यावर काढला. त्याचा काय दोष होता?" सासऱ्यांनी कप बाकावर ठेवला. "तेच काल सांगितलं त्याला. म्हटलं, तू आला नाहीस असं मनात ठेवू नकोस. तिच्या लेखी तू रोज येत होतास. आई तुला भेटूनच गेली."

गृहस्थांनी मान खाली घातली. हातातला कप तिरका झाला आणि चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडत राहिला, तरी त्यांना कळलं नाही. सासऱ्यांनी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"भाऊ काय म्हणाला मग?" गृहस्थांनी विचारलं.

"फार काही नाही. बरं झालं म्हणाला." सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हाला आहे का कुणी भाऊ?"

"आहे. थोरला."

"बोलता ना?"

"नव्हतो बोलत."

"मग इथे काय बसलात?" सासरे म्हणाले. "उठा. जाऊन भेटा त्याला. पुढे मग राहून जातं."

"जातो," काका म्हणाले, आणि रुमाल हातात धरून त्यांच्या शेजारी बसून राहिले.