कापलेले बेचाळीस सेंटिमीटर

मित्रांनो, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या बाहेर, वाळू-गोट्यांच्या खाणीतल्या तळ्याकाठी जमिनीतून डोकं काढलेला एक गंजका पाइप दिसला, तर तो मीच. येता-जाता कुत्री माझ्यावर पाय वर करतात, ते मी सोसलं. पण माझ्या तोंडी खोटं घातलं गेलं, ते मात्र सोसवत नाही. म्हणून आज बोलतो.

१९८१ साली मला इथे पुरलं. नऊ मीटर खाली, उभ्या माणसाच्या कोपरापर्यंत वर. अंगाला पिवळा रंग, त्यावर १७ हा आकडा, डोक्याला कुलपाचं झाकण. झाकण उघडून फीत आत सोडायची. पाण्याला टेकली की ती वाजते. माझ्या काठाची उंची पाणीखात्याच्या कचेरीत नोंदलेली होती. तिच्यातून फितीवरची खोली वजा केली की जमिनीखालचं पाणी कुठवर आहे ते कळे. तेवीस वर्षं मी एकदाही चुकलो नाही.

खाणवाल्यांनी गोटे उपसले, तसं खालचं पाणी उघडं पडलं आणि तळं झालं. पोहायला येणारे म्हणतात, केवढं पाणी आहे इथे! अहो, ते जमिनीने झाकून ठेवलेलं पाणी. झाकण काढलेल्या पातेल्यासारखं ते आता उन्हात उडून जातं. म्हणून परवान्यात अट होती की ऊन जेवढं नेईल, तेवढं खाणवाल्यांनी जमिनीला परत द्यायचं. हिवाळ्यात ओढा भरला की त्याला अडवणारी फळी उचलून त्याचं पाणी माझ्याजवळ खणलेल्या चरात सोडायचं, मग ते सावकाश खाली मुरायचं. पातळी चांगली असेल त्या वर्षी सूट. चांगली आहे की नाही, ते माझ्यावरून ठरायचं.

२००२ मध्ये वल्लरी आली. नाशिकची मुलगी, विद्यापीठात तळ्यावरच्या बाष्पीभवनावर पीएचडी करत होती. दर मंगळवारी माझं माप घ्यायची आणि मग थर्मासमधला आल्याचा चहा कपात ओतून, तळ्याकडे बघत, न बघताच कप माझ्या डोक्यावर ठेवायची. मला ते आवडायचं. पुढे आईच्या आजारपणामुळे ती वर्षभर घरी गेली आणि माप घ्यायचं काम खाणीतल्या माणसाकडे आलं.

त्याच वर्षी गोटे भरणाऱ्या यंत्राने मला धडक दिली. माझी मान वाकली. यंत्रवाल्याने वाकडा तुकडा करवतीने कापला, चरात भिरकावला, झाकण पुन्हा बसवलं आणि कुणाला काही न सांगता कामाला लागला. तो बिचारा एक वेळ माफ. पण पुढचे? मी बुटका झालो, म्हणून फितीवर खोली कमी भरू लागली. कचेरीत उंची जुनीच. वजाबाकी केली आणि जाहीर झालं की पाणी बेचाळीस सेंटिमीटर वर आलंय! उन्हाळा कोरडा आणि पाणी वर? कुणालाही नवल वाटलं नाही. सोयीचं होतं ना! त्या हिवाळ्यात फळी उचललीच नाही.

भोगलं ते फ्राउ केलर यांनी, म्हणजे शेजारच्या केलरबाईंनी. चर ओलांडला की त्यांची बाग. त्यांच्या नवऱ्याने लावलेली दोन प्लमची झाडं तिथे होती. हातपंप नुसती हवा ओढू लागला. त्यांनी कचेरीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की भूजल मुबलक आहे, आपला पंप तपासून घ्यावा. सत्तरीतल्या बाईंनी दोनदा पंप खोलून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः खोलला. मी समोर उभा होतो आणि माझ्याच नावावर हा खोटेपणा चालला होता. माझा नुसता संताप होत होता.

२००५ च्या जुलैत वल्लरी परतली. चहा ओतला, तळ्याकडे बघत नेहमीच्या उंचीवर कप ठेवला, आणि कप खाली चिखलात. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कप धुवायला फ्राउ केलर यांच्या पंपाकडे गेली. पंपाला पाणी नव्हतं, पण घेवड्याच्या काठ्यांना टेकू म्हणून एक पिवळा तुकडा लावलेला होता.

"हा कुठे मिळाला?"

"चरात. जा, घेऊन जा. घेवडा तसाही गेलाच."

तिने तुकडा मोजला. बेचाळीस.

खाणीचा वार्षिक अहवाल लिहायचे श्यामकांत, पुण्याहून येऊन वीस वर्षं इथे स्थिरावलेले इंजिनिअर. ती तडक त्यांच्याकडे गेली.

"अगं, दर महिन्याचे आकडे आहेत," ते म्हणाले. "पाणी वर आलंय."

"काका, पाणी वर नाही आलं. पाइप खाली आलाय." तिने तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. "तुम्ही शेवटचे तिथे कधी गेला होता?"

 श्यामकांतांनी कोट उचलला. अर्ध्या तासात ते माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून काठ चाचपत होते. "मीच सही केली होती गं," एवढंच बोलले.

माझी उंची नव्याने मोजली गेली. डिसेंबरात फळी उचलली, ओढ्याचं पाणी चरात आलं आणि मुरत मुरत माझ्यापर्यंत पोचलं. एप्रिलमध्ये फ्राउ केलर यांच्या पंपाला पाणी लागलं. प्लमची झाडं मात्र वाळली होती. ती त्यांनी तोडवून घेतली. कचेरीचं पत्र आलं, त्यात या सगळ्याला 'मापनातील तफावत' म्हटलं होतं. माफीचा एक शब्द नाही.

मित्रांनो, जमिनीचं पाणी उघडं पाडाल तर ते तिला परत द्या. आणि ते दिलं की नाही हे सांगणारा आकडा कुठून मोजलाय, ते जाऊन बघा. वल्लरी अजून मंगळवारी येते. आता कप ठेवण्याआधी ती तळहाताने माझं डोकं चाचपते. एवढंच कुणी वेळेवर केलं असतं, तर पलीकडे आज दोन बुंधे नाही, दोन झाडं असती.