परातीतली मेणबत्ती

घोडेगावात लोडशेडिंग सुरू झालं आणि चार वर्षांच्या अक्षदाची झोपच उडाली. लाइट गेली की ती आईचा पदर मुठीत धरून बसायची. बाप सुदर्शन चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला. मेणबत्ती विझवली की पोर किंचाळायची, आणि पेटती ठेवावी तर दमलेल्या आईला, अंजनालाच, डुलकी लागायची. टीव्हीच्या डोक्यावर मेणाच्या थेंबात चिकटवलेली मेणबत्ती अशाच एका डुलकीत कलंडली आणि विणलेला रुमाल जळाला. रुमालाचं जाऊ द्या हो, पोर हातभर अंतरावर होती!

शेजारच्या पानबाई, म्हणजे किराणावाल्या नथमलशेठच्या घरच्या, जैन रिवाजानं उजेडीच जेवून ओट्यावर बसत. त्यांची मेणबत्ती पाणी भरलेल्या परातीत, भोवती कंदिलाची काच. कशासाठी, तर पाखरं जळू नयेत. चिलटांचे एवढे लाड कुणी करतं का, म्हणून सगळी आळी हसायची. रुमालाचं कळलं तशा त्या परात घेऊनच आल्या.

"पाखराला राखती ती काच लेकराला न्हाई राखणार व्हय? पडद्यापासनं लांब, जमिनीवर ठेव. अन् डोळा लागायच्या आधी काचेवर वाटी पालथी घालायची. शब्द दे मला."

"दिला, काकी," अंजना म्हणाली.

त्या संध्याकाळी ज्योत काचेत कशी शहाण्यासारखी उभी राहिली. अक्षदानं परातीच्या काठाला बोट लावलं, पाणी हललं आणि छतावर उजेड हलायला लागला.

"आई, वर पानी हाय!"

अंजनानं वर पाहिलं आणि पाहतच राहिली. तिचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलेलं. चूल, जातं, दारातला उंबर, सगळं तिथंच राहिलं. आजवर तिनं ते पाणी काठावरूनच पाहिलं होतं. आज ते खालून दिसत होतं.

"आपुन आजीच्या घरात हाय बग," ती हळूच म्हणाली. "अन् धरण वर."

पोरगी खुदकन हसली. दोघी आडव्या पडून लाटा बघत राहिल्या. कुठंतरी चूल पेटल्याचा वास आल्यासारखं अंजनाला वाटलं. पापण्या जड झाल्या. उठू नये असं फार फार वाटत होतं. वाटी ठेवली की माहेर पुन्हा जाणार, आणि शिवाय पोरीची किंचाळी. पण शब्द दिला होता. ती उठली, वाटी पालथी घातली. ज्योत बारीक झाली आणि गेली. अंजना किंचाळीची वाट बघत तशीच बसून राहिली.

"आई, आजीच्या घरात बी असाच अंधार आसंल का?"

"आसंल की."

"मंग आपुन तिथंच हाय."

अक्षदा कुशीवर वळली आणि तिच्या मुठीतला पदर सुटला. अंजना अंधारात पोटभर रडली, आणि किती वर्षांनी माहेरी निजावं तशी निजली.