एलिमिनेटरला जागा नाही

परवाच्या गाडीनं सयाजी पलटणीत परत जायचा होता, आणि जाण्याआधी त्याला एक पाऊच हवा होता. वॉकमन, इयरफोन, पेन्सिल सेल, कॅसेटी असं सगळं एकात बसेल आणि ट्रंकेच्या कोपऱ्यात मावेल असा. मागच्या खेपेला इयरफोनची वायर बुटाच्या पॉलिशात लडबडली होती. तेव्हा या वेळी त्याची बायको अंजनाच म्हणाली, "चला, मी बघून देते." कुठल्या डब्याला कुठलं झाकण बसेल ते लांबूनच ओळखणारी बाई ती.

कराडात स्टँडामागच्या बोळात नानासोचं दुकान. बाहेर बॅगा टांगलेल्या, आत रेडिओ-टेपची दुरुस्ती. नानासो सयाजीचा शाळेतला दोस्त.

"या फौजी. वैनी, बसा. सामान काढा बघू सगळं, मापानंच बघू."

सयाजीनं पिशवीतून एकेक वस्तू काउंटरवर मांडली. वॉकमन रेकॉर्डिंगवाला होता. महिन्याकाठी त्याच्यावर बोलून तो कॅसेट घरी धाडायचा आणि अंजना घरच्या टेपवर त्याच कॅसेटीची दुसरी बाजू भरून टपालानं परत पाठवायची. म्हशीचं हंबरणं, पोरीचे पाढे, उसात खुरपताना जुळवलेल्या ओव्या. चार वर्षं त्यांचा संसार असा फितीवर चालला होता, कारण सयाजीची ड्यूटी बर्फात होती. तिथं लाईट नाही, क्वार्टर नाही, बायकोपोरांना परवानगी नाही. पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, नुसता युनिटचा नंबर. दर सुट्टीला अंजना त्याला सेलांचं पाकीट बांधून द्यायची आणि सांगायची, उतरले तर उन्हात ठेवा, अजून दोन दिवस चालतात.

नानासोनं तीन पाऊच काढले. काळा रेक्झिनचा दिसायला झोकदार, पण त्याची चेन कोपऱ्यात अडत होती. निळा ऐसपैस, पण नुसता पोकळ, आत सगळं एकमेकांवर आपटलं असतं. तिसरा खाकी, दीड वितीचा. आत इलास्टिकचे फास आणि जाळीचा कप्पा. अंजनानं फासांत सेल खोवले, सहाच्या सहा काडतुसांसारखे ओळीनं बसले. वायर गुंडाळून जाळीत गेली. चेन सरळ शेवटापर्यंत पळाली.

"ह्योच," ती म्हणाली.

"थांब, अजून एक हाय," असं म्हणत सयाजीनं पिशवीच्या तळातून एक काळा ठोकळा काढला. त्याला लांब वायर, टोकाला दोन पिना.

"ह्ये काय?"

"एलिमिनेटर. लाईटवर वॉकमन चालवायला. कँटीनमधनं घेतलाय, नवाच हाय."

नानासोनं तो उलटापालटा केला. "नवा कसला रं? पिना घासून पांढऱ्या पडल्यात. दीड-दोन वर्सं तरी वापरलाय. वायरीला चिकटपट्टी बी हाय, थांब, चालतोय का बघतो." त्यानं पिना बोर्डात घातल्या, एलिमिनेटर वॉकमनला जोडला, कॅसेट लावली आणि इयरफोन अंजनाच्या हातात दिला. "वैनी, बघा आवाज येतोय का."

तिनं कानाला लावला. गाणं सुरू व्हायला अवकाश होता. त्याआधी नुसती घूं ऐकू आली. लांबून येणारी, न थांबणारी, एका सुरातली घूं.

अंजनाचा हात तसाच कानाशी राहिला. हा आवाज तिला तोंडपाठ होता. गेल्या दीड वर्षातल्या त्याच्या प्रत्येक कॅसेटीत तो होता. त्याच्या बोलण्यामागं, खोकण्यामागं, पोरीचं नाव घेऊन तो गप्प व्हायचा त्या गप्प होण्यामागं. तो बर्फावरचा वारा आहे असं तिनं मनाशी धरलं होतं. त्या वाऱ्यावर तिनं ओवी जुळवली होती, आणि भरून त्याला धाडली होती:

बर्फाच्या डोंगरात, वारा करितो घूं घूं
सख्याच्या उशापाशी, वाऱ्या नगो रं तू येऊ

"भावजी, ही घूं कसली?"

"एलिमिनेटरची, वैनी. लाईटवर लावला की येनारच. रेकॉर्डिंगमधी बी येती. सेलवर न्हाई येत."

अंजनानं इयरफोन काढून खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. सयाजी निळ्या पाऊचची चेन उघडत होता, मिटत होता.

"कुठं हायसा तुमी?"

"कुठं म्हंजे?"

"दीड वर्सं कुठं हायसा?"

नानासो आत काहीतरी शोधायला गेला.

"अंबाल्याला," सयाजी म्हणाला. "बदली झाली गं. आईला सांगितलं हुतं. ती म्हनाली, अंजीला कळलं तर ती जायचं म्हनंल, मग उसाचं पानी कोन बघनार? म्हशी कोन बघनार?"

"क्वार्टर मिळत्यात?"

"यादीत नाव लावावं लागतं."

"लावलं?"

सयाजीनं चेन परत उघडली.

अंजनाला राग आला तो सासूचा नव्हता. म्हशी होत्या, ऊस होता, ते तिला दिसत होतं.

"माझी ओवी ऐकली व्हती तुमी?"

"ऐकली की."

"वाऱ्याची?"

"व्हय."

"आन् फुडल्या कॅसेटीत म्हनालासा, लय आवडली, पलटणीतल्या पोरांनी तीनदा लावायला लावली. पंख्याखाली बसून ऐकली असंल. मी हितं वाऱ्याच्या पाया पडत हुते, आन् तुमी बटन दाबून ऐकत हुतासा."

"अंजे, दुकानात हाय आपन."

"दुकानातच कळलं मला. घरात सांगितलं असतं तर घरात बोलले असते."

नानासो बाहेर आला. "मग निळा देऊ का? त्यात एलिमिनेटर बी बसंल."

"खाकी द्या," अंजना म्हणाली.

"वैनी, त्यात ह्यो ठोकळा न्हाई मावायचा."

"म्हनूनच." तिनं पिना बोर्डातून काढल्या, वायर ठोकळ्याभोवती गच्च आवळली आणि तो आपल्या पिशवीत टाकला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हातोय. यादीत नाव लागलं की मी घिऊन येते."

सयाजी कसनुसा हसला. "तवर मी बोलू कशावर?"

"सेलवर. सहा दिल्यात. उतरले तर उन्हात ठेवा."

"तिकडं दुसरा मिळतोय की गं बाजारात."

"घ्या. कॅसेटीत घूं आली की मला हितं कळंल. मग माझी कॅसेट परत येनार न्हाई."

"आन् आईला काय सांगू?"

"त्यास्नी मी सांगते. तुमी लपवायचं तेवढं केलंसा, आता सांगायचं माझ्याकडं."

नानासोनं पाऊच कागदात गुंडाळायला घेतला. अंजनानं त्याला थांबवलं. काउंटरवरच्या कॅसेटींतली एक उचलली. लेबलावर तिच्याच अक्षरात पोरीचं नाव होतं, आत पाढ्यांमागं ती वाऱ्याची ओवी. ती जाळीच्या कप्प्यात सरकवून तिनं चेन ओढली.

"नाव लागल्याचं ह्याच्यावर बोला. ओवी हाय तिथंच."

"आगं, ओवी पुसंल."

"पुसू द्या."